आंबट नसलेली गोळी

१

"गोळी आंबट नाही," नाकोबा म्हणाला.

आत्याने अजून अंगावरची शालही काढली नव्हती. बाहेर धुकं इतकं दाट होतं की फाटकापासून दारापर्यंत ती अंदाजानेच चालत आली होती. आता भावाच्या खोलीत उभी राहूनही तिला वाटत होतं, ते धुकं आपल्यामागून आत आलंय आणि पलंगाच्या पायथ्याशी अंग दुमडून बसलंय.

"सर्दी झालीय तुला," ती म्हणाली. "चव गेली असेल."

"वास गेलाय. जीभ शाबूत आहे." नाक असं चोंदलं होतं की त्याचा एकेक शब्द रजईखालून यावा तसा येत होता. "मीठ खारट लागतं, लिंबू आंबट लागतं. दोन्ही चाटून बघितलं. ही गोळी तू चाटून बघ, चिमे."

साठी उलटलेल्या बाईला चिमी म्हणणारा जगात हा एकच माणूस उरला होता. बाकी सगळ्यांची, अगदी दूधवाल्याचीसुद्धा, ती आत्या होती.

तिने गोळी हातात घेतली. केशरी, गोल. नाकाजवळ नेताच नुकतं सोललेलं संत्रं डोक्यात उजाडलं. मग जिभेवर ठेवली. गोड. नुसती गोड, बत्तासा विरघळावा तशी. क जीवनसत्त्वाची गोळी अशी नसते. तिने दात आंबतात आणि डोळा आपोआप मिटतो.

नाकोबा सुगंध जुळवायचा. त्या धंद्यात जुळवणाऱ्या माणसालाच 'नाक' म्हणतात. याच्या कारखान्यातल्या लोकांनी मायेने त्याला पुढे ओबा जोडला होता. ते नाक सांभाळण्यासाठी त्याने उभा जन्म काचेच्या बरणीत बसल्यासारखा काढला. घराच्या दाराला पाटी होती: 'शिंक येत असल्यास बाहेरूनच बोलावे.' तो हस्तांदोलन करत नसे. लग्नाकार्याला लांबूनच अक्षता टाकून परत येई. आणि रोज सकाळी क जीवनसत्त्वाची एक मोठी गोळी. "सर्दी म्हणजे काय ते मी फक्त ऐकलंय," असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

"इतके दिवस कळलं कसं नाही?" आत्याने विचारलं.

"मी गोळी चाखतो कुठे? हुंगतो, ठीक वाटली की पाण्याबरोबर सरळ पोटात. सकाळी जिभेवर आंबट ठेवलं तर दिवसभर नाक बिनसतं. आज घसा दुखत होता म्हणून चघळली." तो खोकला. "नाकोबाच्या नाकाला फसवेल असा वास गोळीला लावणारा माणूस बाहेरचा नाही, चिमे. हे शागीर्दाचंच काम."

"पुरावा?"

"संध्याकाळी उशा बनवणाऱ्या कंपनीची बाई येणार आहे. तिला झोपेचा वास हवाय. उशीवर दोन थेंब टाकले की माणसाला वाटलं पाहिजे, आता काहीही वाईट होणार नाही. मी महिनाभर बसलोय त्यावर. ऐन वेळी माझं नाक बंद पडलं, की ते कोण पुरं करणार? तोच. माझं नाक बंद, त्याचं नशीब उघडं!"

"मग काय करणार आहेस?"

"गिऱ्हाईक यायच्या आत तो फाटकाबाहेर. आणि एकेका कारखान्याला मी स्वतः फोन करणार."

हे मात्र गंभीर होतं. या धंद्यात एकाने बाटलीत भरलेलं दुसरा डोळे मिटून हुंगतो. बाटलीत खोटं भरणारा म्हणून ज्याच्यावर बोट ठेवलं गेलं, त्याला कुठलंही दार पुन्हा उघडत नाही. शागीर्दाने उमेदीची सगळी वर्षं नाकोबाच्या टेबलाशी घालवली होती.

"संध्याकाळपर्यंत फोनला हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "तोवर मी बघते."

"तू आरोग्य खात्यात रोगांच्या साथी शोधायचीस. कोणाच्या विहिरीतून कावीळ आली, कोणाच्या दुधातून जुलाब आले. हा विश्वासघात आहे."

"दोन्हीत प्रश्न एकच असतो, दादा. कोण कोणाच्या जवळ होतं?"

ती दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. या वेळी त्यात राग नव्हता, जरा घाई होती.

"आणि माझा कोट कोणी धुवायला टाकू नका. कपाटात आहे तसाच राहू दे."

२

नाकोबाची सून कोपऱ्यावर औषधांचं दुकान चालवायची. आज दुकान बंद ठेवून ती स्वयंपाकघरात पाणी उकळत उभी होती. भांड्यातून वर चढणारी वाफ खिडकीला लागे आणि खिडकीबाहेरचं धुकं आणखी एक पाऊल जवळ येई.

"संशय असेल तर सरळ विचारा, आत्या."

"विचारतेच. तू बदलल्यास?"

"मी कशाला बदलू? दर महिन्याला सीलबंद खोका मी कारखान्यातल्या टेबलावर नेऊन ठेवते. त्यातल्या गोळ्या तपकिरी बाटलीत आधी सासूबाई भरायच्या. त्या गेल्यापासून शागीर्द भरतात. बाबांना मी कितीदा म्हटलं, या गोळीने सर्दी अडत नाही. बारा महिने रोज घेतलीत तर झालेली सर्दी थोडी लवकर आटोपते. थोडी म्हणजे किती, तर अर्धा-एक दिवस. आणि शिंका सुरू झाल्यावर खायला लागलात तर तेवढीही खात्री नाही."

"म्हणजे अगदीच बिनकामाची?"

"तसंही नाही. बर्फात कवायत करणारे सैनिक, लांब पल्ल्याचे धावपटू, त्यांना सर्दी कमी झालेली दिसलीय. बाबा धावतात कुठे? खुर्चीतून पलंगावर. बरं, मोठी मात्रा वर्षानुवर्षं घेणं चांगलंही नाही, हेही सांगून झालं. ऐकतंय कोण?"

"मग तू विकतेस कशाला?"

सून हसली. "नाही म्हटलं तर लोक पलीकडच्या दुकानात जातात. आणि जाता जाता माझी अक्कल काढतात ती वेगळीच."

"घरात कोणाला सर्दी? तुला, तुझ्या नवऱ्याला, शागीर्दाला?"

"कोणाला नाही. या घरात शिंकायची प्राज्ञा आहे कोणाची?"

आत्याने मान डोलावली. तिच्या मनात पहिली खूण पडली. सर्दी आभाळातून पडत नाही, एका माणसाकडून दुसऱ्याकडे येते. आणि घरात तर देणारा कोणी नव्हता.

मुलगा कारखान्यात भेटला. कारखाना म्हणजे मागच्या अंगणातली लांबट खोली. तीन भिंतींना मजल्यावर मजले चढवल्यासारख्या बाटल्या, आणि मधोमध अर्धगोल टेबल. खिडक्यांतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा पातळ होता. बाटल्या जागच्या जागी तरंगताहेत असं वाटत होतं. पावलागणिक वास बदलायचा. आता देवदार, आता ओली माती, आता कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या खोलीचा.

कोपऱ्यात फुलांचा अर्क काढायचा तांब्याचा बंब होता. त्या धुरकट खोलीत तेवढाच झळकत होता, सूर्य चुकून आत राहून गेल्यासारखा.

"बाबांनी आता आराम करावा असं मला वाटतं," मुलगा म्हणाला. "तोंडावरही बोललोय मी. पण म्हणून त्यांच्या गोळ्या बदलेन? आत्या, लहानपणी शिंक आली की मी गच्चीवर पळायचो. अजून पळतो. त्यांच्या नाकाची एवढी धास्ती मला."

"हा बंब नवा घेतलात का रे?"

"नवा कुठला! आजोबांच्या वेळचा. काळाकुट्ट असायचा. बाबांना मुतखडा झाला होता तो हिवाळा आठवतो? आई रात्र-रात्र त्यांच्या उशाशी बसायची. त्याच सुमारास शागीर्दाने बंब मनावर घेतला. दर महिन्याला घासतो."

"कशाने?"

"कोण जाणे. लिंबू तर कधी दिसलं नाही."

"आणि वहिनी गेली ती..."

"त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात." मुलाने नजर बंबाकडे वळवली. "आईला फार आवडायचा तो असा. त्यात बघून कुंकू नीट करायची."

टेबलाच्या टोकाशी शागीर्द उठून उभा राहिला. पस्तिशीचा, सडपातळ, बोलताना स्वतःच्या हातांकडे बघणारा. आत्या त्याच्या दिशेने निघाली. तिने तोंड उघडायच्या आतच तो म्हणाला,

"आत्याबाई, उगाच सगळ्यांना त्रास नको. गोळ्या मीच बदलल्या."

३

मुलगा हातातलं सोडून पुढे आला. आत्याने त्याला डोळ्यांनीच बाहेर घालवलं आणि स्टूल ओढून बसली.

"का बदललास?"

"ते सांगणार नाही."

"केव्हापासून?"

"तेही नाही. शब्द दिलाय."

"कोणाला?"

माणूस जीभ आवरतो, नजर आवरत नाही. शागीर्दाची नजर दारामागच्या खुंटीवर गेली आणि लगेच परत आली. खुंटीवर एक जुना, फुलाफुलांचा एप्रन लटकत होता. आत्याने तो ओळखला. तो वहिनीचा होता.

"सामान बांधलंय मी," तो म्हणाला. "उस्तादांना सांगा, त्यांनी फोन केले तरी मी उलटून बोलणार नाही."

"बायकोला काय सांगणार आहेस?"

यावर मात्र त्याने एक कुपी उचलली आणि तशीच परत ठेवली. "तेच सकाळपासून जुळवतोय. जुळत नाही."

आत्याने विषय बदलला. माणूस रडकुंडीला आला की त्याला त्याच्या कामाबद्दल विचारावं, हे ती फार पूर्वी शिकली होती. "तो झोपेचा वास कुठवर आलाय?"

शागीर्दाने कागदाची पट्टी एका कुपीत बुडवून तिच्यापुढे धरली. आत्याने डोळे मिटले. लॅव्हेंडर, उन्हात वाळलेलं सुती कापड, लांब कुठेतरी जळून विझलेलं लाकूड. तिचे खांदे आपोआप उतरले. मग मध्येच कुठेतरी ती अडली. जिन्याची शेवटची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि ती नसावीच, तसं.

"बघितलंत?" शागीर्द म्हणाला. "यात अर्धा माणूस झोपतो. अर्धा जागाच राहतो. काहीतरी नाही यात. उस्तादांना ते सापडलं होतं. मागच्या आठवड्यात बाहेरून आले ते हसतच आले. असे हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं कधी. म्हणाले, मिळालं रे. मी विचारलं, काय? तर म्हणाले, मनात मुरू दे, मग सांगतो. मुरेपर्यंत शिंका सुरू झाल्या."

"बाहेरून म्हणजे कुठून?"

"काचवाल्याकडून. कुप्यांचे नमुने बघायला गेले होते."

आत्याने तिथूनच काचवाल्याला फोन लावला. पलीकडून हातोड्यांचा आवाज येत होता.

"नाकोबा? आमच्याकडे?" काचवाला ओरडून बोलत होता. "बाई, महिनाभर भट्टी थंड आहे माझी! विटा बदलतोय. इथे चिटपाखरू फिरकलेलं नाही!"

आत्याने फोन ठेवला. या घरात खोटं बोलणारे एकाहून जास्त होते, आणि त्यातला एक पलंगावर झोपून न्याय मागत होता.

४

कपाट बोळात होतं. दार करकरलं. आत्याने खोलीच्या दिशेने कान दिला. नाकोबा घोरत होता, चोंदलेल्या नाकाचं ते शिट्टीसारखं घोरणं.

कोट जाड लोकरीचा, गडद राखाडी. नाकोबाच्या कपड्यांवर कधी डाग नसे. डागाला वास असतो आणि वास त्याला खपत नसे. पण या कोटाच्या डाव्या खांद्यावर, मानेच्या अगदी जवळ, पांढुरका सुकलेला पट्टा होता. गोगलगाय चालून गेल्यासारखा. बाजूला आणखी एक डाग, किंचित पिवळसर.

आत्याने खांदा उजेडाकडे धरला. खुर्चीत बसलेल्याच्या खांद्यावर असं काही सांडत नाही. जेवताना तर मुळीच नाही. तिथे एखादं डोकं टेकलं असेल तरच. आणि मोठ्या माणसाचं डोकं इतक्या वर, मानेच्या खळग्यात, मावत नाही.

तिने कोटाला नाक लावलं.

बोळात कोणी नव्हतं. धुकं खिडकीला टेकून आत बघत होतं. आत्या तशीच उभी राहिली. आधी लोकर, मग भावाच्या साबणाचा वास, आणि त्याखाली काहीतरी कोमट. फार वर्षांपूर्वी तिच्याही खांद्यावर कोणीतरी असंच झोपायचं. भाची. तिची आई, म्हणजे वहिनी, कामात असली की आत्या तिला घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालायची. पोर झोपली हे चेहरा न बघताही कळायचं. एकाएकी ती जड व्हायची, जागेपणी असते त्याहून जड. आणि मानेजवळून हाच वास यायचा.

ती भानावर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते. तिने कोट हातावर घेतला आणि फोनपाशी गेली.

पहिला फोन घरच्या डॉक्टरांना. त्यांनी आधी आढेवेढे घेतले. मग आत्याने जे विचारायचं ते सरळ विचारलं. "तुम्हाला कळलंच आहे तर हो म्हणतो," शेवटी म्हणाले. "मी आपणहून काही सांगितलेलं नाही हं."

दुसरा फोन भाचीला. भाची त्याच शहरात, नदीपलीकडे राहायची. तिला बाळ झालं ते कडाक्याच्या थंडीत. वहिनी तेव्हा नव्हती, आणि नाकोबा बघायला गेला नाही. लहान मुलांची नाकं सदा वाहतात, म्हणाला, हातात मोठं काम आहे. भाचीने एकच वाक्य कळवलं होतं: 'तुम्ही तुमचं नाक सांभाळा बाबा, मी माझं बाळ सांभाळते.' त्यानंतर त्या दोन घरांमधली नदी फार रुंद झाली होती.

"आत्या?" भाचीचा आवाज सावध होता. "काय झालं?"

"काही नाही गं. एकच विचारते. मागच्या आठवड्यात तुझ्याकडे कोणी आलं होतं का?"

ती उत्तर देण्याआधीच, फोनच्या अगदी जवळून, कोणीतरी शिंकलं. इवलीशी, ओली, स्वतःच दचकलेली शिंक.

५

दुपार उतरली तेव्हा आत्याने सगळ्यांना नाकोबाच्या खोलीत बोलावलं. मुलगा आणि सून सवयीने दाराशीच थांबले. शागीर्द भिंतीला टेकून उभा राहिला. त्याची पिशवी पायाशी होती.

"याने कबूल केलंय म्हणे," नाकोबा उशीला टेकत म्हणाला. "मग आणखी काय राहिलं?"

"केव्हा केलं, ते राहिलंय. तुझं म्हणणं, याने तुला ऐन वेळी पाडण्यासाठी आत्ता गोळ्या बदलल्या. हो ना?"

"दुसरं काय?"

"मला सांग, काळं पडलेलं तांबं कशाने उजळतं?"

"आंबटाने. शेंबडं पोरही सांगेल."

"तुमच्या बंबाला लिंबू लागलेलं कोणी पाहिलेलं नाही. तरी तो दर महिन्याला झळकतो. सूनबाईचा खोकाही दर महिन्यालाच येतो. आंबट गोळ्या गेल्या कुठे, तर बंबावर. चांगली वस्तू उकिरड्यावर टाकणं याच्या जिवावर आलं असणार."

शागीर्दाने मान खाली घातली. सुनेने तोंडावर हात धरला. ते हसू होतं की काय, कळलं नाही.

"आता बंब कधीपासून झळकतोय? तुला मुतखडा झाला त्या हिवाळ्यापासून. म्हणजे दादा, तू तेव्हापासून साखर खातोयस. तो उरलेला हिवाळा काढलास, गेला अख्खा हिवाळा काढलास. शिंकलास एकदा तरी?"

नाकोबाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. नाक बंद असल्यामुळे ते मिटताही येईना.

"तेव्हा गोळी तुझी राखणदार नव्हतीच कधी. ही पाटी होती राखणदार. शिंकणारा कोणी तुझ्या जवळ आलाच नाही, तर सर्दी येणार कुठून? याने गोळ्या बदलल्या हे खरं, पण त्याने तुझं नाक बंद पडलेलं नाही."

"मग बदलल्या कशाला?" नाकोबा ओरडला आणि खोकत राहिला.

"याने शब्द दिलाय, हा नाही बोलणार. मी कोणाला दिलेला नाही. मुतखडा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोजची एवढी मोठी गोळी बंद करा, तिने खडे वाढायची भीती आहे. तू काय म्हणालास?"

नाकोबा खिडकीकडे बघू लागला. "म्हणालो, माझी गोळी बंद करणारा अजून जन्मला नाही."

"जन्मलेली होती. तुझ्याच उशाशी बसली होती. डॉक्टरांकडून साखरेच्या गोळ्या तिनेच मागून घेतल्या आणि याला हाताशी धरलं. खडा पुन्हा झाला का? नाही. तुला मात्र सांगायचं नाही असं तिने ठरवलं, कारण गोळी नाही म्हटल्यावर तू भीतीनेच अंथरूण धरलं असतंस. जाताना तिने बाटली याच्या हवाली केली."

"तिने मला फसवलं," नाकोबा म्हणाला. पण ते तक्रारीसारखं वाटलं नाही. जुन्या कोटाच्या खिशात अचानक काहीतरी सापडावं, तसं तो म्हणाला. मग शागीर्दाकडे वळला. "वास तू लावलास?"

"हो, उस्ताद."

"सालीचं तेल?"

"साल, आणि अगदी किंचित संत्र्याची पानं. नुसत्या सालीने तुम्ही ओळखलं असतं."

"ओळखलंच असतं!" नाकोबा ताठ बसला. "पानं! गाढवा, हे तुला सुचलं कसं?"

"तुम्हीच शिकवलंत. खोट्याला जरा हिरवं लावलं की खरं वाटतं."

मुलगा दाराशी फिसकन हसला. नाकोबा मात्र हसला नाही. त्याने शागीर्दाच्या पिशवीकडे पाहिलं, आणि मग बहिणीकडे.

"मग सर्दी कोणी दिली मला, चिमे?"

आत्याने पाठीमागे धरलेला कोट पुढे केला.

"ते तुला चांगलं ठाऊक आहे, दादा. काचवाल्याची भट्टी महिनाभर थंड आहे."

६

नाकोबाने कोट हिसकावून घेतला. खांदा नाकाशी धरला, पुन्हा पुन्हा हुंगला. काही आलं नाही. त्याने कोट मांडीवर ठेवला आणि त्यावर हात फिरवत राहिला.

"झोपेचा वास जमत नव्हता," तो हळूहळू बोलू लागला. "म्हटलं, खरी झोप कोणाची? तान्ह्याची. म्हणून गेलो. कामासाठीच गेलो, मी खोटं नाही सांगत. दारात उभा राहून लांबून हुंगणार आणि परत येणार. पोरीने दार उघडलं. काही बोलली नाही. त्याचं नाक वाहत होतं, मी बघितलं होतं ते. तिने तरी त्याला माझ्या हातात दिलं. आणि तो इथे," त्याने खांद्यावर हात ठेवला, "झोपून गेला. लगेच. मला ओळखतही नाही आणि झोपून गेला. मग मी कसा हलणार?"

त्याने कोटाची बाही सरळ केली.

"सर्दी झाली तेव्हा वाटलं, सांगितलं तर सगळे म्हणतील, बघा, एवढं जपलं आणि घालवलं. म्हणून गोळीवर राग काढला. आणि याच्यावर." त्याने शागीर्दाकडे न बघता हात पुढे केला. आयुष्यात कोणाशी हात न मिळवणाऱ्या माणसाचा तो हात होता, जरासा चुकीच्या दिशेला गेलेला. शागीर्दाने तो दोन्ही हातांनी धरला.

"पिशवी सोड," नाकोबा म्हणाला. "कोट घे. बाई येईपर्यंत वेळ आहे. त्या खांद्यावर जे आहे, ते मला आता कळत नाही. तुला कळतंय का बघ."

शागीर्द कोट घेऊन कारखान्यात गेला. कोणी त्याच्यामागे गेलं नाही. खिडकीतून तो धुक्याच्या पडद्याआड दिसत होता. खांद्यावर वाकलेला, मग बाटल्यांच्या रांगांवरून हळूहळू फिरणारा हात, मग पुन्हा वाकलेला. मासा खोल पाण्यात वळावा तसा त्याचा हात वळत होता.

दिवे लागायच्या सुमाराला फाटक वाजलं. उशांची बाई नव्हती. आत्याने जिला दुपारीच ये म्हटलं होतं ती भाची होती, आणि तिच्या कडेवर लोकरीच्या टोपीत गुंडाळलेलं बाळ. दाराशी येऊन ती पाटीखाली थांबली.

"आत येऊ का, बाहेरूनच बोलू?" ती म्हणाली. आवाजात जुनी खोच होती, पण धार गेली होती.

नाकोबा पांघरूण ओढत, भिंतीला धरत, दारापर्यंत चालत आला होता. उत्तरादाखल त्याने पाटी खिळ्यावरून उचलली आणि ठेवायला जागा दिसेना म्हणून काखेत धरली.

तेवढ्यात बाळ शिंकलं. मुलगा वर्षानुवर्षांच्या सवयीने गच्चीच्या जिन्याकडे पळाला, सून त्याच्यामागे. अर्ध्या जिन्यावर दोघांना भान आलं आणि ती तिथेच कठड्याला धरून हसत बसली.

नाकोबाने बाळाला घेतलं. बाळाने क्षणभर त्याला निरखलं, आणि कालच उठून गेलेल्या जागी परत यावं तसं डोकं त्याच्या खांद्यावर टाकलं.

शागीर्द अंगणातून आला. हातात कुपी होती, बोटांत एक पट्टी.

"झालं, उस्ताद. मला वाटतं, झालं. पण खात्री कोण करणार?"

"मी तर बंद आहे," नाकोबा म्हणाला. "तू हुंग. आधी याचं डोकं, मग पट्टी. आणि मला सांग."

"नाक वाहतंय त्याचं, बाबा," भाची म्हणाली. "यांनाही होईल सर्दी."

"उद्या होईल," शागीर्द म्हणाला. "आज काम आहे."

तो वाकला. टोपी बाजूला सारून त्याने बाळाच्या मानेपाशी नाक नेलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग पट्टी. मग पुन्हा बाळ. आत्याला दिसत होतं, त्याचे खांदे एकेक इंच खाली उतरताहेत.

"बोल की," नाकोबा कुजबुजला. बाळ जड व्हायला लागलं होतं.

"आंबूस आहे, उस्ताद," शागीर्द म्हणाला. "दुधाचं, जरासं. तेच नव्हतं आधी आपल्या वासात."